बांधावरची बॅटरी

रब्बीच्या दिवसांत ज्यांना पाणी भरायचं असतं, त्यांच्या घरातलं आठवड्याचं वेळापत्रक लाईटच्या पाळीवर ठरतं. महाराष्ट्रात शेतीपंपांच्या फीडरला थ्री फेज वीज वर्षानुवर्षं आलटूनपालटून मिळत आली आहे, काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री आठ-दहा तास. रात्रीची पाळी आली की जेवून जरा लवंडायचं, लाईट आली की उठून मोटर सुरू करायची आणि पहाटेपर्यंत दारं धरायची. एक सरी भरली की पाणी पुढच्या सरीत वळवायचं, कुठे बांध फुटला तर माती ओढून बुजवायचा, पुन्हा वरच्या अंगाला जाऊन बघायचं. डोक्याला मफलर, एका हातात खोरं आणि दुसऱ्या हातात बॅटरी. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे काही भागांत शेतीला दिवसा वीज मिळू लागली आहे, २०२३पासून योजनेचा दुसरा टप्पाही सुरू आहे. जिथे ती अजून पोचली नाही तिथे रात्रीची पाळी चुकलेली नाही.

हा लेख त्या दुसऱ्या हातातल्या वस्तूबद्दल आहे. स्वस्त, खिशात मावणारी आणि चांगला उजेड देणारी बॅटरी कशी निवडावी, एवढाच प्रश्न. त्यासाठी मी बाजारात फिरलो. शेतकऱ्यांशी, रात्रीचे ट्रेक करणाऱ्यांशी, दुरुस्तीच्या टपरीवर बसणाऱ्यांशी बोललो. बोलता बोलता एक गोष्ट पक्की होत गेली. बॅटरी घेताना आपण खोक्यावरच्या ज्या आकड्याकडे बघतो, तो बहुतेक वेळा खोटा असतो, आणि खरा असला तरी फारसा कामाचा नसतो. कामाचं असतं ते हे की तिसऱ्या तासाला पायापुढच्या मातीवर किती उजेड पडतो.

हे मी जरा ठासून सांगतो, कारण यात जिवाचा संबंध आहे. भारतातल्या सर्पदंशांचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली होती. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप शाळेतच पाठ होतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यार रात्रीच बाहेर पडते. घोणस माणसाची चाहूल लागली तरी जागची हलत नाही, गवतात वेटोळं करून पडून राहते आणि पाय अगदी जवळ आला की फुत्कारते. कोकणातल्या जांभ्यावर फुरसं इतकं मिसळून जातं की दिवसासुद्धा नजर फसते. सर्पदंश टाळायच्या सूचनांमध्ये गमबूट आणि बॅटरी या दोन गोष्टी नेहमी बरोबर येतात. म्हणजे ही चैनीची वस्तू नाही. खतं-औषधांना आपण हजारो रुपये मोजतो, मग ज्या उजेडाच्या भरवशावर पाऊल टाकायचं तो निवडायला दहा मिनिटं द्यायला हवीत.

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत लोहार चाळ, विजेचं सामान घ्यायला लोक इथे येतात. तपकीर गल्लीत दुकानांच्या पुढ्यात बॅटऱ्यांची खोकी रचलेली असतात आणि त्यांवर आकड्यांची चढाओढ चाललेली असते. कुणावर १० हजार ल्युमेन, कुणावर ५० हजार, शेजारी ‘रेंज १ किलोमीटर’. किंमत अडीचशेपासून पुढे. एका दुकानदाराला विचारलं, “दादा, हे आकडे खरे असतात का?” तो सरळ म्हणाला, “साहेब, छापणारा काहीही छापतो. तुम्ही उजेड बघा आणि घ्या.” आणि समोरच्या शटरवर त्याने झोत मारून दाखवला. पण भर दुपारी, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली, चार हातांवरच्या शटरवर कुठलीही बॅटरी प्रखरच दिसते. खरेदी फसते ती इथे.

ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. घरात लावतो तो ९ वॉटचा एलईडी बल्ब सुमारे ९०० ल्युमेन देतो. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुरे. १० हजार ल्युमेन म्हणजे असे अकरा बल्ब एकदम. अंगठ्याएवढ्या बॅटरीतून तेवढा उजेड निघायला शंभर वॉट वीज लागेल, आणि तिची उष्णता हातात धरवणार नाही. मोबाइलचा दिवा ५०च्या आसपास ल्युमेनचा असतो. जुन्या दोन सेलच्या, तारेच्या बल्बच्या बॅटऱ्या साधारण वीस-पंचवीसच्या होत्या आणि त्यांच्यावर आपल्या आधीच्या पिढ्यांनी अख्खी शेती केली. तेव्हा आज दोन-अडीचशे खरे ल्युमेन हातात आले, तर तो भरपूर उजेड आहे.

आणखी एक हिशेब कुणालाही करता येतो. आजच्या चांगल्या खिशातल्या बॅटऱ्यांत १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्याची क्षमता ३ हजार मिलिअँपिअर-तास धरली आणि ३.६ व्होल्टने गुणलं, की साधारण ११ वॉट-तास ऊर्जा होते. वाटेतली गळती वजा जाता एका वॉटमधून शंभरेक ल्युमेन मिळतात असं धरू. म्हणजे एका सेलमध्ये सगळं मिळून हजार-अकराशे ल्युमेन-तास आहेत. ते कसे खर्च करायचे ते आपण ठरवायचं: हजार ल्युमेन एक तास, शंभर ल्युमेन दहा तास, किंवा पंचवीस ल्युमेन चार रात्री. त्यापलीकडे त्या सेलमध्ये काहीच नाही. खोक्यावर ‘१० हजार ल्युमेन, १२ तास’ असं लिहिलं असेल, तर त्याला असे शंभराहून अधिक सेल लागतील.

पाण्याच्या पाळीला हा हिशेब फार उपयोगी पडतो. आठ तास पुरायला हवी असेल, तर सरासरी १०० ते १२० ल्युमेनवर चालणारी बॅटरी घ्यायची आणि लांबचं बघायचं तेव्हा दोन मिनिटं जोर वाढवायचा. उजेड चौपट केला तरी डोळ्याला तो दुपटीच्या आसपासच वाटतो. ४०० वरून १०० वर आलं, तर पाणी धरणाऱ्याचं विशेष काही अडत नाही आणि सेल मात्र चौपट पुरतो. म्हणून माझ्या मते बॅटरीत सगळ्यात मोलाचं काही असेल तर तिच्या मधल्या आणि खालच्या पायऱ्या. अनेक स्वस्त बॅटऱ्यांत त्या धड नसतात. एकदा दाबलं की पूर्ण जोर, दुसऱ्यांदा दाबलं की अर्धा, तिसऱ्यांदा लखलखाट. तो लखलखणारा मोड शेतात कुणाला लागतो ते मला अजून कळलेलं नाही. सरीत उभं राहून चिखलाच्या हाताने बटण दाबताना तो मध्ये आला की डोळ्यांपुढे अंधारी येते. एका बटणावर लखलखाट टाळता येत असेल, किंवा शेवटी वापरलेली पायरी बॅटरी लक्षात ठेवत असेल, तर त्यासाठी पन्नास-शंभर रुपये जास्त द्यावेत.

उष्णतेचाही हिशेब असाच आहे. एलईडीला दिलेल्या विजेतला अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त भाग उष्णता होतो. खिशात मावणारी ॲल्युमिनियमची नळी दोन-तीन वॉट निवांत सोसते. त्यापुढे ती तापते, आणि चांगली बॅटरी काही मिनिटांत स्वतःच उजेड कमी करते. हा दोष नाही, एलईडी वाचवायची सोय आहे. प्लास्टिकच्या नळीत ही उष्णता जायला जागाच नसते. एलईडीला भाजून घ्यावं लागतं आणि महिन्या-दोन महिन्यांत उजेड मंदावतो.

या सगळ्याला एक मोजपट्टी आहे. अमेरिकेतल्या उत्पादकांनी २००९ साली एफएल-१ नावाचं मानक ठरवलं. त्यात ल्युमेन मोजायचे ते बॅटरी लावल्यावर ३० सेकंदांनी. ती किती वेळ चालते हे मोजायचं ते उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. आणि पल्ला धरायचा तो झोताच्या मध्यावर पाव लक्स उजेड उरतो तिथपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. मानक चांगलं आहे, तरी त्यातल्या फटी माहीत असाव्यात. दहा टक्क्यांपर्यंतची मोजणी असल्यामुळे ‘सहा तास’ म्हणणाऱ्या बॅटरीचे शेवटचे चार तास मिणमिणते असू शकतात. आणि चांदण्याएवढ्या उजेडात दोनशे मीटरवर काहीतरी आहे एवढं दिसतं. ते कुत्रं आहे की बिबट्या, हे कळायला त्याच्या निम्म्या-तिसऱ्या हिश्शाच्या अंतरात यावं लागतं.

बिबट्याचं नाव घेतलं कारण जुन्नर, अकोले, संगमनेर या पट्ट्यात उसाच्या कडेने रात्री जाणाऱ्यांची मागणी वेगळी असते. तिथला एक शेतकरी म्हणाला, “जवळचं दिसतंय हो. मला बांधाच्या त्या टोकाला, डीपीपाशी कोण बसलंय ते दिसाया पाहिजे.” त्याला लांब झोत हवा. झोत लांब जातो तो ल्युमेनमुळे नव्हे, आरशाच्या आकारामुळे. तोंड मोठं आणि आरसा खोल गुळगुळीत असेल, तर तेवढ्याच ल्युमेनचा झोत दूर जातो. छोट्या तोंडाच्या, खडबडीत आरशाच्या बॅटरीचा उजेड जवळ पसरतो. खिशातल्या बॅटरीत दोन्ही पूर्ण मिळत नाहीत, पण मधला ठळक गोल आणि भोवती मंद पसारा अशी आरशाची बॅटरी पायवाटेला बरी पडते; गोल लांब बघतो, पसाऱ्यात पाय दिसतात.

बाजारात सर्वांत जास्त खपते ती पुढे-मागे सरकवायच्या भिंगाची ‘झूम’ बॅटरी. भिंग पुढे ओढलं की भिंतीवर एलईडीचा चौकोनच्या चौकोन उमटतो, गिऱ्हाईक खूष होतं. पण तेव्हा निम्म्याहून जास्त उजेड नळीतच अडून राहतो, आणि चौकोनाबाहेर काळोख असतो. त्या चौकोनात लांबचा आंबा दिसतो, पायाजवळची घोणस दिसत नाही. शिवाय सरकत्या भागाच्या फटीतून पाणी आणि माती आत जाते. शेतासाठी आणि पावसासाठी मी झूम बॅटरी कुणालाच सुचवणार नाही.

आता सेल. बॅटरीचा खरा भाव इथे ठरतो.

भिंतीतल्या प्लगला लावून चार्ज करायच्या दोन पिनांच्या बॅटऱ्या घरोघरी आहेत. त्यांतल्या पुष्कळांत ४ व्होल्टचा शिसं-आम्लाचा सेल असतो. तो रिकामा ठेवून दिला की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर धरतो आणि सेल मरतो. पावसाळ्यात कपाटात गेलेली बॅटरी दिवाळीला लागत नाही, याचं कारण बहुधा हेच. अशा बॅटरीला महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज देत राहावं. स्वस्त मॉडेलांत चार्जिंगचं सर्किट मुख्य विजेपासून वेगळं केलेलं नसतं, म्हणून प्लगला लावलेली असताना ती ओल्या हाताने हाताळू नये, उघडून तर मुळीच बघू नये.

लिथियमच्या १८६५० सेलमध्ये खोटेपणा फार आहे. आज सर्रास मिळणाऱ्या अस्सल सेलची कमाल क्षमता ३,५०० ते ३,६०० मिलिअँपिअर-तास आहे. ‘९,९००’ लिहिलेला सेल डोळे झाकून परत करावा. अस्सल सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं, हलका लागला की समजावं. भारतात लिथियम सेलला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक आहे, आयएस १६०४६ हा मानकाचा क्रमांक आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक सेलवर किंवा वेष्टनावर असायला हवा. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढून नवं प्लास्टिक चढवलेले सेलही विकले जातात. ते चालतात, पण किती दिवस आणि कसे, ते कुणी सांगू शकत नाही. आवरण फाटलेला सेल वापरू नये. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण त्याचा दाब दीडऐवजी ३.७ व्होल्ट. पेन्सिल सेलच्या बॅटरीत तो घातला तर एलईडी जळू शकतो.

ज्यांना खेडेगावात कुठेही सेल मिळायला हवा, त्यांनी पेन्सिल सेलवर चालणारी बॅटरी घ्यायला हरकत नाही. तिचा जोर कमी, पण एसटी स्टँडवरच्या टपरीतही सेल मिळतो. त्यात निकेल-मेटल हायड्राइडचे पुन्हा चार्ज होणारे सेल घातले तर दीर्घकाळात ती सर्वांत स्वस्त पडते. हे सेल १.२ व्होल्टचे असतात आणि कमी गळतीचे घेतले तर वर्षभर ठेवूनही त्यात बराचसा चार्ज उरतो. साधा सेल बॅटरीत महिनोन्‌महिने विसरला तर फुटून आतलं सगळं खातो. अल्कलाइन सेलची पांढरी बुरशी धरलेली असेल, तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावलेल्या कापसाने संपर्काची जागा पुसावी आणि पूर्ण वाळवून मगच नवे सेल घालावेत. वरवर मेलेली बॅटरी एवढ्याने पुष्कळदा चालू होते.

एकच अट मी कधी सोडणार नाही: सेल बदलता आला पाहिजे. सीलबंद बॅटरी दीड-दोन वर्षांनी फेकावी लागते. सेल बदलता येणारी बॅटरी एक जास्तीचा सेल खिशात असला की दुप्पट रात्र चालते. ट्रेकर मंडळींत ‘कॉन्व्हॉय’ नावाच्या चिनी बॅटऱ्यांना मान आहे तो याचसाठी. एक १८६५० सेल, साधी ॲल्युमिनियमची नळी, आणि बटणापासून एलईडीपर्यंत प्रत्येक सुटा भाग वेगळा विकत मिळतो.

थोडं मागे वळून बघायला हवं. हातात धरायच्या नळीच्या बॅटरीचं अमेरिकन पेटंट १८९९चं, डेव्हिड मिझेल याच्या नावावर. भारतात एव्हरेडीचा लखनौचा टॉर्च कारखाना १९५८चा. तो ब्रँड तेव्हा युनियन कार्बाइडचा होता. ज्या कंपनीच्या कारखान्यातून १९८४मध्ये भोपाळवर विष पसरलं, तिचे लाल सेल आपल्या बॅटऱ्यांत होते. १९९४मध्ये तिचा भारतातला हिस्सा विकला गेला. पितळी नळी आणि तारेच्या बल्बचा तो काळ एका शोधाने संपवला. १९९३मध्ये जपानमध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी बनवला. निळ्या एलईडीवर पिवळं फॉस्फर चढवलं की पांढरा उजेड मिळतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४चं नोबेल मिळालं. तीनशे रुपयांची बॅटरीही त्याच शोधावर जळते.

पण फॉस्फरची जात चांगली-वाईट असते. स्वस्त बॅटऱ्यांचा उजेड निळसर, ६,५०० केल्विनच्या आसपासचा. तो डोळ्याला प्रखर भासतो आणि म्हणून विकला जातो. त्या उजेडात लाल माती, वाळलेला पाला आणि त्यावरची नक्षी सपाट, राखाडी दिसते. साप ओळखायचा तर नेमके हेच रंग वेगळे दिसायला हवेत. ४,००० ते ५,००० केल्विनचा, जरा उबदार उजेड मिळत असेल तर थोडे ल्युमेन सोडून तो घ्यावा. दुकानात तळहातावर झोत मारून बघावं: कातडी जिवंत रंगाची दिसली तर उजेड चांगला, प्रेतासारखी दिसली तर नको.

सह्याद्रीत रात्री चढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हरिश्चंद्रगडाच्या किंवा राजगडाच्या वाटेवर जिथे दोन्ही हात लागतात, तिथे हातातली बॅटरी उपयोगाची नाही, डोक्यावरची घ्यावी. मात्र पावसाळी धुक्यात डोक्यावरचा झोत डोळ्यांसमोरच पांढरी भिंत उभी करतो, तेव्हा बॅटरी कमरेच्या उंचीला धरून खाली मारली की वाट दिसते. पाण्याच्या बाबतीत ‘आयपीएक्स४’ म्हणजे शिंतोडे सोसणारी, ‘आयपीएक्स७’ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहणारी. सरीत पडण्याची शक्यता असेल तर दुसरी. रबरी कडीला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीस लावावं. आणि मे अखेरीला पुरुषवाडी किंवा भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांनी बॅटरी विझवलेलीच ठेवावी. नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणांनी शोधतात, आपल्या झोताने त्या खुणाच पुसल्या जातात. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढा धीर धरला तर वाट दिसते.

घरी तपासायचं असेल तर मोबाइलवर उजेड मोजणारं ॲप घ्यावं. अंधाऱ्या खोलीत पाच मीटरवर फोन ठेवून झोताचा मधला भाग त्यावर मारावा. आकडा १०० लक्स आला तर त्याला पाचाच्या वर्गाने गुणायचं, म्हणजे झोताची तीव्रता २,५०० कँडेला. त्याचं वर्गमूळ दुप्पट केलं की १०० मीटर, हा त्या बॅटरीचा खरा पल्ला. फोनचा संवेदक अचूक नसतो, पण दोन बॅटऱ्यांची तुलना करायला पुरतो. ‘एक किलोमीटर’वाल्या खोक्याचं काय होतं ते यात कळतं.

घरातल्या एलईडी बल्बवर आज ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे असतात, २०१८पासून ते बंधनकारक आहेत. बॅटरीवर असं काही नाही. बल्ब मंद निघाला तर फार तर वाचायला त्रास होतो. बॅटरी मंद निघाली तर पाऊल सापावर पडू शकतं. खोक्यावर तीन गोष्टी छापणं सक्तीचं व्हायला हवं: ३० सेकंदांनंतरचा उजेड, एका तासानंतरचा उजेड, आणि आत कोणत्या जातीचा किती क्षमतेचा सेल आहे. शेतकरी संघटना वीज दिवसा मागतात, ती मागणी रास्तच आहे. तिच्याबरोबर ही एक ओळ त्यांनी मांडावी असं मला वाटतं, आणि ग्राहक पंचायतीनेही.

तोवर दुकानातच परीक्षा घ्यावी. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी मागायची, पूर्ण जोरावर लावायची, आणि दुकानदाराला म्हणायचं, “मामा, ही चालू राहू द्या, मी चहा घेऊन येतो.” पंधरा मिनिटांनी परत येऊन तिच्याच जातीची दुसरी, नुकती लावलेली बॅटरी शेजारी धरायची आणि दोन्ही झोत दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात मारायचे. पहिलीचा उजेड निम्म्याच्या वर असेल, नळी गरम पण हातात धरवेल इतपतच असेल, आणि मागचं झाकण फिरवून सेल बाहेर काढता आला, तर ती घ्यावी. त्याच वेळी दुसरा सेलही घ्यावा.